बाईमाणसाला शोभेल असं कुत्रं

आमच्याकडे फाटकाला कडी असते ती जनावरांसाठी. गाय बाहेर जाऊ नये आणि डुकरं आत येऊ नयेत, एवढंच तिचं काम. माणसं कडी काढतात आणि आत येतात. त्यातून भावकीतली असली तर ती परत लावायचेही कष्ट घेत नाहीत.

माझं घर गावाबाहेर रानात आहे, मुरुमला जाणाऱ्या रस्त्याला लागून. चार खोल्या, वर स्लॅब, पुढे अंगण, मागे गोठा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते. दिवसभर पहिली-दुसरीच्या पोरांचा कालवा ऐकून घरी आले की मला घटकाभर कुणाचाही आवाज नको वाटायचा, आणि गावातलं घर म्हणजे माणसांनी गच्च भरलेलं. नवरा म्हणाला, रानात बांधू. बांधलं. पुढची खोली मी माझ्यासाठी मागून घेतली होती. तिथं माझं टेबल, पुस्तकं आणि रस्त्याकडे उघडणारी खिडकी आहे. नवरा चेष्टेनं त्या खोलीला "बाईंचं हापीस" म्हणायचा, पण आत येताना दारात थांबायचा. असा माणूस होता.

तो होता तोवर माझे दीर, चुलत दीर, पुतणे, सगळे अंगणात उभे राहून खाकरायचे. आमच्याकडची जुनी रीत आहे ती. पुरुषमाणसानं खाकरायचं, आतल्या बाईनं पदर सारखा करायचा, मग "या" म्हणायचं. नवरा अचानक गेला, घरातली माणसांची वर्दळ ओसरली, आणि माझ्या ध्यानात आलं की खाकरणं बंद झालंय. जणू ते खाकरणं माझ्यासाठी कधी नव्हतंच, त्याच्यासाठी होतं. आता घरात राहिलं कोण, तर एक म्हातारी होत चाललेली बाई. तिला काय कळवायचं?

माझे दीर माझ्याहून लहान. मला "वैनी" म्हणतात, "तुमी" म्हणतात, सणाला वाकून पाया पडतात. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला ते कुणी खलपुरुष वाटतील. नवऱ्याला दवाखान्यात नेताना गाडी त्यांनीच काढली होती. पण त्यानंतर ते माझ्या घरात असे वावरू लागले की जशी मीच त्यांच्याकडे पाहुणी आलेय. सकाळी मोटारसायकल थेट अंगणात. चपला घालूनच ओसरी. मग स्वयंपाकघर. भांड्यावरचं झाकण उचलून, "काय केलंय आज?" विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरची किल्ली कुठं असते, कपाटात काय आहे, कडुनिंबाची कुठली फांदी छाटायची, सगळं त्यांनाच ठाऊक. एकदा शेवग्याचं झाड कापून टाकलं. सावली पडते म्हणे. मी बाजारातून आले तर नुसतं खोड.

एका सकाळी मी न्हाऊन केस सुकवत आतल्या खोलीत बसले होते. अंगावर नुसतं लुगडं गुंडाळलेलं. दार ढकलून दीर आत. किल्ली हवी होती त्यांना. मी पाठ फिरवून म्हणाले, "भाऊजी, आवाज तरी द्यायचा."

ते हसले. "आता मी काय परका हाय व्हय, वैनी?"

या वाक्याला काय उत्तर आहे? हो म्हणावं तर नातं तुटतं, नाही म्हणावं तर दार कायमचं उघडं. मी किल्ली दिली. ते गेल्यावर मला इतका राग आला की हातातला कंगवा मी भिंतीवर फेकला. दात तुटले त्याचे. कित्येक वर्षं वर्गासमोर उभं राहून मी पोरांना शिकवलं होतं, की दारावर टिचकी मारायची, "आत येऊ का बाई" विचारायचं. सहा वर्षांच्या पोरांना ते जमायचं.

त्याच सुमारास मुलीशी फोनवर बोलताना मी म्हणून गेले की एखादं कुत्रं पाळावं म्हणते. मुलगी पुण्याला असते. तिनं चुलतभावाला सांगितलं, चुलतभावानं बापाला, आणि चार दिवसांत सगळ्या भावकीत माझ्या कुत्र्यावर चर्चा सुरू झाली. मला सोडून. दसऱ्याच्या दिवशी दीर आपट्याची पानं घेऊन आले ते एक टोपलीही घेऊन आले. टोपलीत पांढरंशुभ्र, कापसाच्या बोंडासारखं पामेरियनचं पिल्लू. गळ्यात लाल रिबीन.

"सोलापूरहून आनलंय," ते म्हणाले. "घरात ऱ्हातंय, दूध-पोळी खातंय, मांडीवर झोपतंय. तुमचं मन रमंल. बाईमानसाला शोभंल असं कुत्रं हाय बगा."

मागून माझी जाऊ म्हणाली, "नातवंडं लांब हायती तुमची. तेवढीच सोबत."

सोबत. हा शब्द मला त्या वर्षी इतक्यांदा ऐकावा लागला की तो ऐकला तरी दात शिवशिवायचे. एकट्या बाईला सगळे सोबत द्यायला टपलेले असतात. तिला काय पाहिजे ते मात्र कुणी विचारत नाही.

पण पिल्लू गोड होतं, हे नाकारायचं कशाला. दुपारी मी वाचत बसले की माझ्या पायाच्या अंगठ्यावर हनुवटी टेकवून झोपायचं. ताटलीत दूध ओतताना एवढुसं शेपूट अशा वेगानं हलवायचं की तोल जाऊन पडायचं. मला त्याचा लळा लागला. फक्त एक गोष्ट होती. फाटक वाजलं की ते आनंदानं भुंकत धावायचं आणि येईल त्याच्या पायाशी लोळण घ्यायचं. सगळ्यांत जास्त लोळण दिरांच्या पायाशी, कारण त्यांच्या खिशात ग्लुकोजची बिस्किटं असायची. दीर आता पूर्वीसारखेच थेट आत यायचे, फरक एवढाच की त्यांच्या पुढं माझंच कुत्रं नाचत यायचं.

दिवाळी झाली. सोयाबीन निघाली होती, रान मोकळं होतं. आमच्याकडे अशा वेळी धनगरांना सांगून रानात मेंढ्या बसवतात. रात्रभर मेंढ्या जाळीच्या कुंपणात बसतात, त्यांच्या लेंड्यामुतानं जमीन कसदार होते, पुढचं पीक जोरात येतं. त्या वर्षी माझ्या वावरात एका कुटुंबाचा कळप बसला होता. कळपाबरोबर एक कुत्रा. मी तोवर तसला कुत्रा जवळून पाहिला नव्हता. वासराएवढा, भुरा, कपाळ रुंद, गळ्यात लांडग्यांसाठी खिळ्यांचा पट्टा. तो कुणावर उगाच भुंकत नव्हता. नुसता उठून उभा राहायचा, आणि समोरचा माणूस जागच्या जागी थांबायचा.

मी सकाळी चहाचा कप घेऊन ओसरीवर उभी होते. दीर वावरात निघाले होते, मेंढ्या कुठं बसवायच्या ते धनगरांना सांगायला. वास्तविक वावर माझ्या नावावर, सांगणार ते. बांधापर्यंत गेले आणि थांबले. कुत्रा उठला होता.

आणि मग मी माझ्या कानांनी ऐकलं. दीर बांधावर उभे राहून हाक मारत होते. "ओ बाई! येऊ का आत? कुत्रं धरा की जरा!"

धनगराची बाई पालाबाहेर भाकरी थापत होती. तिनं मान वर केली, हातातली भाकरी तव्यावर टाकली, हात पुसले, आणि मग कुठं म्हणाली, "थांबा."

ते थांबले. हात मागं घेऊन, शहाण्या पोरासारखे थांबले. चार काठ्या आणि एक ताडपत्री एवढंच त्या बाईचं घर, पण त्याला दार होतं. माझ्या चार खोल्यांना नव्हतं. कपातला चहा गार झाला तरी मी बघत राहिले, आणि मला कुठलं कुत्रं हवं आहे ते मला कळलं.

कळपात एक कुत्रीही होती, तिला पिल्लं झालेली होती. मी धनगराच्या बाईला म्हणाले, मला एक दे. ती माझ्याकडे आणि माझ्या पायाशी घुटमळणाऱ्या पांढऱ्या गोळ्याकडे बघून हसायला लागली. "त्याच्या जोडीला व्हय? खाऊन टाकंल त्याला म्होरं." मग म्हणाली, "इकत न्हाय आमी कुत्रं. खण-नारळ द्या, न्या." मी विधवा. माझ्या हातचा खण-नारळ घ्यायला आमच्याकडच्या बायका अजून कचरतात. तिनं पदर पसरून घेतला. जाताना एवढंच सांगितलं की सहा महिने दुसऱ्या कुणाच्या हातचं खाऊ देऊ नका.

पिल्लू घरी आलं आणि एकच गहजब झाला.

"वैनी, तुमाला पेलनार हाय का ते?" दीर म्हणाले. "मोठं झाल्यावर वढून पाडंल तुमाला."

"बाईमानसानं असलं कुत्रं पाळलेलं कुठं बगितलंय का?" जाऊ म्हणाली.

चुलत सासूबाई तर काठी टेकत चालत आल्या. आमचं लिंगायताचं घर, आमच्या चुलीवर कधी अंडंसुद्धा चढलेलं नाही. "असलं कुत्रं भाकरीवर जगतंय व्हय? अंडी शिजवनार का काय तू त्याच्यापायी?"

"लागली तर शिजवीन. गोठ्यात वेगळी चूल आहे. तुम्ही गोठ्यात जेवायला येता का, आत्या?"

त्यांनी कपाळावर हात मारला. त्यांचे दोन्ही नातू मुरुमच्या स्टँडवर आम्लेट खाताना मी पाहिलेत, पण ते सांगून म्हाताऱ्या जिवाला कशाला त्रास.

त्याला मी तम्मा म्हणू लागले. माझं माहेर आळंदकडचं, कर्नाटकातलं. कन्नडात धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. कुत्र्याला भाऊ म्हणते म्हणून दिरांना राग आला. आला तर आला. धाकट्या भावानं दारात थांबायचं असतं, तेवढं तरी हा शिकेल, असं मी मनात म्हटलं.

दोन्ही कुत्री राहू देत, असं मला पहिल्यांदा वाटलं होतं. एक मांडीवर, एक फाटकावर. मुलगीही फोनवर तेच म्हणाली. "आई, दोन्ही ठेव ना. भांडण कशाला?" पण महिन्याभरात मला दिसलं ते असं, की फाटक वाजलं की पांढरं धावायचं आणि त्याच्या मागून तम्माही धावायचा. पांढरं लोळण घ्यायचं, तम्माही आपलं बोजड अंग मातीत टाकायचा. पांढऱ्यानं बिस्किट घेतलं की यालाही पाहिजे. पिल्लं एकमेकांचं बघून शिकतात. शाळेत आयुष्य गेलं माझं, हे मला कुणी सांगायला नको होतं. आलेला प्रत्येक माणूस आपलाच, हा धडा पांढरं त्याला रोज देत होतं.

म्हणजे निवडावं लागणार होतं.

मी चार-पाच दिवस टाळलं. दुपारी पांढरं अंगठ्यावर हनुवटी टेकून झोपलं की वाटायचं, असू दे, काय बिघडतंय, या वयात कुणाशी वैर धरायचं. आणि मग दीर आत येऊन विचारायचे, "काय केलंय आज?" शेवटी एका सकाळी मी तीच टोपली काढली, पिल्लाला तिच्यात बसवलं आणि गावातल्या घरी चालत गेले. दिरांची नात अंगणात खेळत होती. तिच्या हातात टोपली दिली. ती किंचाळलीच आनंदानं.

"हे काय?" दीर म्हणाले. "तुमच्या सोबतीला दिलेलं, वैनी."

"मला सोबत नको, भाऊजी. राखण पाहिजे."

"कुनाची राखन? चोराची भीती हाय का आपल्याकडं?"

"चोराची नाही," मी म्हणाले, आणि निघाले. परत येताना वाटेवर मी रडले. त्या पिल्लाचा यात काय दोष होता? ते सगळ्यांवर माया करत होतं. पण सगळ्यांवर माया करण्यात माझा उभा जन्म गेला होता आणि आता मला पुरे झालं होतं.

त्यानंतर मी तम्माला माझ्याच हातानं वाढवलं. ज्वारीची भाकरी कुस्करून ताकात कालवायची, आणि गोठ्याच्या चुलीवरची अंडी. हो, शिजवली. आकाश कोसळलं नाही. दिरांनी बिस्किटं टाकून पाहिली. मी ती उचलून वाटेकऱ्याच्या कोंबड्या हिंडायच्या तिकडे फेकली आणि तम्माला ओढून आत नेलं. "कुंद्रु" म्हटलं की बसायचं, "बा" म्हटलं की यायचं, एवढं कन्नड तो शिकला. मुरुमच्या जनावरांच्या दवाखान्यात नेऊन सुया टोचून आणल्या. उन्हाळ्यात तो माझ्या गुडघ्याला लागला, पावसाळा संपेपर्यंत मांडीला. भुरा रंग, रुंद कपाळ, कळपातल्या त्या कुत्र्यासारखाच. उगाच भुंकायचा नाही. फाटक वाजलं की उठून उभा राहायचा.

पहिल्यांदा दीर थांबले तो दिवस मला आठवतो. कडीला हात लावला होता आणि आत तम्मा उभा. दोघं एकमेकांकडे बघत होते. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते बघत होते आणि मला, खोटं कशाला बोलू, अतिशय आनंद झाला होता. शेवटी दिरांनी हाक मारली. "वैनी!" मी हात पुसत पुसत गेले.

एक गंमत सांगते. वाट्यानं माझं रान करणारा गडी आणि त्याची बायको, दूध घालणारी बाई, पोस्टमन, आठवड्याला भिक्षेला येणारे जंगमस्वामी, यांतल्या एकालाही तम्माचा त्रास झाला नाही. कारण ही सगळी माणसं पहिल्यापासून फाटकावरून हाक मारायची. मी "आले" म्हणायचे, तम्माला धरायचे, ती आत यायची. काहीच बदललं नाही त्यांचं. ज्यांना कधी हाक मारावी लागली नव्हती, फक्त त्यांचीच मनं दुखावली. "वैनीनं दारात वाघ बांधलाय." "मानसं तोडली." "एकटं राहून डोकं फिरतंय." हे सगळं मुलीपर्यंत पोचलं.

"आई, काका फार नाराज आहेत," ती म्हणाली.

"असू देत. मी बरीच वर्षं होते. मला कुणी विचारलं नाही."

आणि मग येळवस आली.

ज्यांना येळवस माहीत नाही त्यांना सांगते, मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमचा सगळा मुलूख रानात जाऊन जेवतो. शेतात कडब्याची कोप उभी करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, त्यांना नैवेद्य दाखवायचा. आंबील, पालेभाज्या आणि हिरव्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. त्या दिवशी कुणी कुणाला आमंत्रण देत नाही. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाताला धरून जेवायला बसवायचं. त्या दिवशी कुणाला अडवायचं नाही, अशी रीत आहे. मला ती रीत मनापासून आवडते. म्हणून सकाळीच मी तम्माला गोठ्यामागं, सावलीत, साखळीनं बांधून ठेवलं आणि फाटक सताड उघडलं. भावकीतल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. त्यांना वाटलं, मी नमले.

माझं रान घराला लागून असल्यानं आम्हा सगळ्यांची येळवस माझ्याकडंच असते. त्या वर्षी माणसं खूप आली. दिरांनी आंबिलीचा लोटा घेऊन "ओलगे, ओलगे" असा येळवशीचा पुकारा करत पिकाला फेरी घातली, मागून पोरं ओरडत होती. पंगती बसल्या. मी वाढत होते. भज्जी आणायला घरात गेले तर माझ्या पुढच्या खोलीतून जाऊ बाहेर येत होती. तिच्याबरोबर तिची सून. सुनेच्या हातात शिंप्याची टेप होती.

"खिडकी मोजत हुती," जाऊ म्हणाली. "पडद्याला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. भज्जीचं पातेलं घेऊन बाहेर आले तेव्हा दीर पंगतीत बसून चारचौघांना सांगत होते, चांगल्या मोठ्या आवाजात, मला ऐकू जाईल असं. "संक्रांत झाली की आमचा थोरला पोरगा सुनेला घिऊन वैनीकडं ऱ्हायाला येतोय. पुडची खोली मोकळीच हाय. पलंग सांगितलाय. म्हंजी वैनीला सोबत बी हुईल, आन् त्या कुत्र्याची गरज बी न्हाय पडायची."

सगळे "बरं केलं", "चांगलं झालं" म्हणाले. चुलत दीर, त्यांची मुलं, सगळे. त्यांच्या डोळ्यांत खरंच समाधान होतं. एका बाईचा प्रश्न सुटला होता. पंगतीच्या टोकाला बसलेल्या चुलत सासूबाई तेवढ्या खाली मान घालून उंडा कुस्करत होत्या.

मी पातेलं खाली ठेवलं.

"भाऊजी, मला विचारलंत का?"

"त्यात इचारायचं काय, वैनी? आपलंच घर हाय."

"नाही," मी म्हणाले. "माझं घर आहे."

पंगत थांबली. माझा आवाज वर्गातला होता. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. तो अजून शाबूत आहे हे मलाच माहीत नव्हतं. "पुढची खोली मोकळी नाही. तिच्यात मी असते. कुणी राहायला येणार नाही. पलंग सांगितला असेल तर तो तुमच्या घरात टाका. आज येळवस आहे. आज तुम्ही न विचारता आलात, पोटभर जेवलात, मला बरं वाटलं. पुढच्या येळवशीलाही असेच या. पण मधल्या दिवसांत माझ्या घरी यायचं तर फाटकावर थांबायचं, हाक मारायची, आणि मी या म्हटलं तरच आत यायचं. सगळ्यांनी."

"वैनी, तुमी घरच्या मानसाला—"

"घरच्या माणसांनीच."

कुणीतरी घसा साफ केला. जाऊ रडायला लागली, तिच्या मनात काही वाईट नव्हतं म्हणून. नसेलही. माझ्याही मनात नव्हतं. मी पातेलं उचललं आणि उरलेल्या पंगतीला भज्जी वाढली. दिरांच्या पानातही वाढली. त्यांनी ती खाल्ली नाही.

ऊन उतरलं, कोपीतले पांडव उचलले, पोरांचा दंगा संपला. माणसं तरीही माझ्या अंगणात रेंगाळत बसली होती. ही बाई रागाच्या भरात बोलली, चहा पिऊन निवळेल, मग तिला नीट समजावू, असा बेत त्यांच्या चेहऱ्यांवर लिहिलेला होता. मी गोठ्यामागं गेले, तम्माची साखळी खुंटीवरून सोडली आणि हाताला गुंडाळून त्याला अंगणात आणलं. मोकळा सोडला नाही. त्याला म्हटलं, "कुंद्रु." तो माझ्या शेजारी बसला. मी पायरीवर बसले.

"येळवस झाली," मी म्हणाले.

माणसं उठली. डबे गोळा झाले, पोरांना हाका गेल्या, मोटारसायकली चालू झाल्या. चुलत सासूबाई सगळ्यांत शेवटी काठी टेकत आल्या. तम्माकडे बघत त्या म्हणाल्या, "चावतंय का गं?"

"मी सांगितलं तरच."

त्या तोंडाला पदर लावून हसल्या. "माझ्याकडं असतं असलं एखादं, तर लई बरं झालं असतं," म्हणाल्या, आणि गेल्या. त्यांचं घर पोरांनी भिंती घालून कधीच वाटून घेतलंय. त्यांची खाट ओसरीत आहे.

त्यानंतर बरेच दिवस कुणी फिरकलं नाही. मुलगी काळजीत होती. मी तिला सांगितलं की मी मजेत आहे, आणि ते निम्मं खरं होतं. संक्रांतीला तिळगूळ घेऊन मीच गावातल्या घरी गेले, दारात उभी राहिले आणि हाक मारली. जावेनं "या" म्हटलं. दीर घरात नव्हते, किंवा आत होते.

मग एका सकाळी रस्त्यावर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. अंगणात नाही, रस्त्यावर. मी पुढच्या खोलीत खिडकीशी बसले होते, हातात चहा. तम्मा उठून उभा राहिला. फाटकाबाहेर दीर उभे होते. कडीला हात लावलेला नव्हता.

"वैनी," त्यांनी हाक मारली. जरा थांबले. मग म्हणाले, "येऊ का?"

सवय फार खोल असते. माझे ओठ "या" म्हणायला उघडलेसुद्धा. दोन पावलं टाकून तम्माला धरायचं, कडी काढायची, चहा टाकायचा, आणि सगळं पुन्हा गोड झालं असतं. पण "येऊ का" या प्रश्नाला एकच उत्तर देता येत असेल, तर तो प्रश्नच नव्हे.

"आत्ता नको, भाऊजी," मी खिडकीतून म्हणाले. "संध्याकाळी या."

ते गोंधळले. मला वाटलं, चिडतील. पण त्यांनी विचारलं, अगदी साधेपणानं, "का? काय काम चाललंय व्हय?"

"नाही," मी म्हणाले. "नुसती बसलेय."